बॅटरी बदलली, की नुसतं सॉफ्टवेअर टाकलं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या टाउनहाउसमध्ये राहणाऱ्या एका बाईंचं पत्र आहे. कामावर जाऊन-येऊन रोज ४४ मैल. घरातली मोठी गाडी नवरा नेतो, म्हणून स्वतःसाठी वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं त्यांच्या मनात आहे. दोन शेव्हरोले बोल्ट बघून ठेवल्या आहेत. एक २०१९ची, ४१,००० मैल झालेली, डीलरकडे १२,९०० डॉलरला. ‘रिकॉल झालंय, बॅटरी नवी आहे,’ असं सेल्समन तोंडी सांगतो. (रिकॉल म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाडी परत बोलावून फुकट दुरुस्त करणं.) दुसरी २०२१ची, एका निवृत्त गृहस्थांची, २९,१०० मैल, ११,८०० डॉलर. ती ८० टक्क्यांच्या पुढे चार्ज होत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये, २७,४०० मैलांवर असताना तिच्यात ‘रिकॉलचं सॉफ्टवेअर’ टाकलं, असं मालक सांगतात. बाईंचा कल २०२१कडे आहे. वयाने लहान, कमी चाललेली आणि स्वस्त. फक्त ते ८० टक्के खटकतात. नवरा म्हणतो, सरळ एक जुनी कोरोला घे. एप्रिलमध्ये साताऱ्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत आणि त्यांची खोली नेमकी गॅरेजच्या वर आहे. सासरे व्हिडिओ कॉलवर म्हणाले, ‘कंपनीनेच परत बोलावलेली गाडी आपण पैसे मोजून का घ्यायची?’ बाई विचारतात, घ्यावी का, आणि घेतली तर कुठली?

उत्तर

तुमच्या पत्रात सगळ्यात नेमका प्रश्न सासऱ्यांनी विचारलाय, फक्त ते अर्ध्यावर थांबले. कंपनीने गाडी परत बोलावली हे खरं. पण बोलावून तिचं केलं काय? हे तुम्ही सेल्समनला विचारलेलं नाही आणि त्या निवृत्त गृहस्थांनाही नाही. ‘रिकॉल झालंय’ हे दोन शब्द तुमच्या दोन्ही गाड्यांना लागू पडतात, आणि दोन्हीकडे त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. तुमचा कल चुकीच्या गाडीकडे जातोय तो तिथेच.

आधी झालं काय होतं ते बघू. नोव्हेंबर २०२०मध्ये जीएमने, म्हणजे शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने, २०१७ ते २०१९ सालच्या ६८ हजारांहून जास्त बोल्ट परत बोलावल्या, कारण त्यातल्या काही पेटल्या होत्या. पेटलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण भरलेल्या होत्या, म्हणून सुरुवातीला चार्जिंगवर ९० टक्क्यांचा लगाम आला आणि २०२१च्या वसंतात त्यावर सॉफ्टवेअरचा उपाय काढला. तो पुरला नाही. हे सॉफ्टवेअर टाकून ‘दुरुस्त’ झालेल्या गाड्याही जुलै २०२१मध्ये पेटल्या, त्यातली एक व्हरमाँटमध्ये. मग ऑगस्ट २०२१मध्ये २०२२ मॉडेलपर्यंतची, तोवर तयार झालेली प्रत्येक बोल्ट रिकॉलमध्ये आली. एकूण आकडा सुमारे १,४२,०००. खर्च दोन अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि त्यातला मोठा वाटा सेल बनवणाऱ्या एलजीने उचलायचं कबूल केलं.

दोष होता सेलमध्ये. या गाडीचा सेल म्हणजे चपटी, पाकिटासारखी थैली. आत ॲनोड आणि कॅथोडचे थर, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये सेपरेटरचा पातळ पडदा. काही सेलमध्ये ॲनोडची पट्टी फाटलेली निघाली, काहींमध्ये सेपरेटर दुमडलेला. हे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले की आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते. एका बोल्टमध्ये असे २८८ सेल असतात, तिनाचा एक असे ९६ गट. त्यातला एक नासका निघाला तरी पुरे. म्हणजे बोल्ट ही गाडी म्हणून वाईट नाही, तिच्या पोटातले काही सेल वाईट होते, आणि ते नेमके कुठल्या गाडीत आहेत हे बाहेरून कळत नव्हतं.

यावर जीएमने शेवटी दोन वाटा काढल्या. पहिली, बॅटरीतले सगळे मोड्यूल, म्हणजे सेलचे गठ्ठे, काढून नवे बसवायचे. २०१७ ते २०१९च्या गाड्यांना मुख्यतः हेच मिळालं, आणि २०२० ते २०२२मधल्याही बऱ्याच गाड्यांना. दुसरी वाट जून २०२३मध्ये आली, ज्या २०२० ते २०२२च्या गाड्यांची बॅटरी तोवर बदललेली नव्हती त्यांच्यासाठी. त्यांच्यात नवं तपासणी सॉफ्टवेअर टाकायचं. ते चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखतं, १०,००० किलोमीटर, म्हणजे साधारण ६,२०० मैल, सेलच्या वागण्यावर नजर ठेवतं, आणि काही वावगं दिसलं नाही तर मर्यादा आपोआप उठवतं. वावगं दिसलं तर बॅटरी फुकट बदलून मिळते. कागदोपत्री दोन्ही वाटांनी रिकॉल ‘पूर्ण’ होतं.

आता तुमच्या दोन गाड्या शेजारी ठेवा.

२०१९ची बॅटरी खरोखर बदलली असेल तर ती नुसती नवी नाही, मोठीसुद्धा आहे. मूळ गाडीत ६० किलोवॅट-तासांची बॅटरी होती आणि अधिकृत पल्ला २३८ मैल. बदलून येणारी बॅटरी २०२०नंतरच्या गाड्यांच्या मापाची, म्हणजे पल्ला साधारण २५९ मैलांच्या आसपास. शिवाय बदलल्या दिवसापासून तिच्यावर ८ वर्षं किंवा १,००,००० मैल, जे आधी संपेल ते, अशी वॉरंटी. समजा बदल मे २०२२मध्ये झाला असेल, तर वॉरंटी मे २०३०पर्यंत. आणि ती गाडीबरोबर जाते, मालक बदलला म्हणून संपत नाही. तुमची २०२१ समजा जून २०२१मध्ये पहिल्यांदा विकली गेली असेल, तर तिच्या मूळ बॅटरीची ८ वर्षं जून २०२९मध्ये संपतात. ‘नवी गाडी’ या शब्दाने इथे चकवलंय. पत्रा आणि सीट २०२१च्या गाडीची तरुण आहेत, पण बॅटरी तरुण आहे ती २०१९च्या गाडीची. आणि वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीत आपण पैसे मोजतो ते मुख्यतः बॅटरीचे.

८० टक्क्यांबद्दलची तुमची तक्रार मात्र मला गैरसोय म्हणून पटत नाही. २५९चे ८० टक्के म्हणजे २०७ मैल. तुमची रोजची गरज ४४. कडाक्याच्या थंडीत पल्ला एक तृतीयांशाने घटला तरी दोन दिवस आरामात निघतात. ते ८० टक्के सांगतायत काय, तिकडे बघा. नजर ठेवण्याचं काम अजून संपलेलं नाही, असं ते सांगतायत. २७,४०० वरून २९,१०० म्हणजे १,७०० मैल झाले, अजून ४,५०० बाकी आहेत. तुमच्या आठवड्याच्या २२० मैलांच्या हिशोबाने वीस आठवडे. आज गाडी घेतलीत तर जूनअखेर उजाडेल. म्हणजे सासू-सासरे वरच्या खोलीत झोपत असतील तेव्हाचे पहिले दोन-अडीच महिने खाली गॅरेजमधली गाडी परीक्षा देतच असेल.

हे सॉफ्टवेअर टाकल्यावर गाडी आत ठेवायला आणि रात्री आत चार्ज करायला हरकत नाही, असं जीएम सांगते. २०२१च्या वसंतातल्या सॉफ्टवेअरपेक्षा हे वेगळं आहे, आणि कमी चार्जवर बराच काळ पाळत ठेवायची ही पद्धत तर्काला धरून आहे, हेही मान्य. तरी फरक उरतोच. एका गाडीतून संशयित सेल काढून टाकलेत, दुसरीत ते जागेवरच आहेत आणि त्यांच्यावर पहारा आहे. उघड्या ड्राइव्हवेत गाडी लावणाऱ्याला मी दुसरी गाडी घ्यायला अडवलं नसतं, उलट आणखी हजार-दीड हजार कमी करून माग म्हटलं असतं. झोपायच्या खोलीखालच्या गॅरेजसाठी मात्र मी बॅटरी बदललेलीच गाडी घ्यायला सांगेन. २०२१ची हीच गाडी पहारा संपवून १०० टक्क्यांवर परतलेली असती, तर माझं उत्तर बरंच मऊ झालं असतं.

हे सगळं ‘खरोखर बदलली असेल तर’ या अटीवर उभं आहे, आणि ती अट सेल्समनच्या तोंडी शब्दावर सोडायची नाही.

पहिलं काम, दोन्ही गाड्यांचा व्हिन, म्हणजे गाडीचा १७ अक्षरांचा ओळख क्रमांक, मागवा. ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर दिसतो त्याचा फोटो हवा, टाइप केलेला नको. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. के म्हणजे २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३. तो व्हिन एनएचटीएसए या केंद्रीय रस्ता-सुरक्षा संस्थेच्या रिकॉल पानावर टाका. इथे बरेच जण फसतात. हे पान फक्त न झालेले रिकॉल दाखवतं. ‘शून्य’ आलं की लोक खूश होतात, पण त्या शून्यातून बॅटरी बदलली की सॉफ्टवेअर टाकलं ते कळत नाही. आणि शून्य नसेल तर डीलरने गाडी विकायला ठेवलीच कशी, असं वाटून घेऊ नका. दुरुस्ती न झालेली नवी गाडी विकायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, वापरलेल्या गाडीच्या डीलरवर तसं बंधन नाही.

म्हणून दुसरं काम. कुठल्याही शेव्हरोले डीलरच्या सर्व्हिस विभागाला फोन करा. विक्री विभागाला नको, सर्व्हिसलाच. व्हिन द्या आणि गाडीचा वॉरंटी इतिहास मागा. जीएमच्या यंत्रणेत तो एका पानावर निघतो. तुम्हाला त्यातून चार गोष्टी हव्यात: गाडी पहिल्यांदा कधी वापरात आली, बॅटरीचा रिकॉल कुठल्या क्रमांकाखाली, कुठल्या तारखेला, किती मैलांवर बंद झाला, त्यात भाग बदलला की प्रोग्रॅमिंग केलं, आणि बॅटरीची वॉरंटी आता कुठल्या तारखेला आणि किती मैलांवर संपते. केंद्रीय यादीत हे बॅटरी-रिकॉल २०व्ही-७०१, २१व्ही-५६० आणि २१व्ही-६५० अशा क्रमांकांनी नोंदलेले आहेत. २०१९च्या गाड्या काही एका यादीत तर काही दुसऱ्या यादीत आहेत, त्यामुळे ‘२०१९ म्हणजे बदललेलीच’ असं गृहीत धरू नका. काही सर्व्हिसवाले मालक नसलेल्या माणसाला कागद देत नाहीत. मग विकणाऱ्यालाच आणायला सांगा. डीलरसाठी हे दहा मिनिटांचं काम आहे. तो टाळाटाळ करू लागला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

तिसरं, टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद. रिकॉलच्या गोंधळात जीएमने काही मालकांकडून गाड्या परत विकत घेतल्या आणि त्या पुढे पुन्हा बाजारात आल्या. अशा गाडीच्या इतिहासात ‘बायबॅक’ लिहिलेलं सापडतं. कॅलिफोर्नियातून आलेली असेल तर डाव्या दरवाज्याच्या चौकटीवर ‘लेमन लॉ बायबॅक’ची (सदोष गाडी कंपनीला परत घ्यायला लावणाऱ्या कायद्याची) चिठ्ठीसुद्धा असते, दार उघडून बघा. बायबॅक म्हणजे गाडी टाकाऊ असं नाही. बॅटरी नंतर बदललेली असेल तर उत्तम गाडी स्वस्तात मिळू शकते. पण भाव त्याप्रमाणे उतरलेला हवा, आणि पुढे विकताना तुम्हालाही तो उतरवावा लागेल. ‘सॅल्व्हेज’ (मोठ्या नुकसानीनंतर निकालात काढलेली) किंवा ‘रिबिल्ट’ (तशी गाडी पुन्हा उभी केलेली) टायटल दिसलं तर मात्र सोडून द्या. अशा गाडीवर कंपनीची वॉरंटी लागू होत नाही, आणि इथे तुम्ही वॉरंटीचेच तर पैसे देताय.

कागद झाले की गाडीलाच विचारायचं. डीलरला आदल्या रात्री गाडी १०० टक्के चार्ज करून ठेवायला सांगा. सकाळी पडद्यावर मधोमध दिसणारा मैलांचा आकडा मनावर घेऊ नका. तो आधीच्या माणसाच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो, आणि थंडीत तर तो हमखास रडका असतो. खरा हिशोब एनर्जीच्या पानावर आहे. शेवटच्या पूर्ण चार्जनंतर किती किलोवॅट-तास वापरले ते तिथे दिसतं. २०२१पर्यंतच्या बोल्टमध्ये टक्केवारी डॅशबोर्डवर येत नाही, वीस पट्ट्या असतात, एक पट्टी म्हणजे ५ टक्के. पट्ट्यांवर अंदाज जमतो, पण नेमकेपणासाठी ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये, लावायचा छोटा ब्लूटूथ डोंगल आणि फोनवर कार स्कॅनरसारखं ॲप घ्या. वीस-तीस डॉलरचं काम आहे.

समजा ६० मैल फिरून आल्यावर वापर १६.२ किलोवॅट-तास दिसला आणि चार्ज १०० वरून ७५ टक्क्यांवर आला. १६.२ भागिले ०.२५ म्हणजे ६४.८. ही बॅटरीची आजची क्षमता. २०१९च्या गाडीत असा आकडा आला तर बॅटरी बदललेली आहे, कारण मूळ ६०ची बॅटरी इतकी वर्षं वापरून ६५ दाखवूच शकत नाही. तोच हिशोब पंचावन्नच्या आसपास अडकला तर सेल्समनने थाप मारली असं समजा. दोन-चार मैलांची चक्कर मारून हे गणित जमत नाही, निदान २० टक्के खर्च व्हायला हवेत. डीलर इतका वेळ गाडी देत नसेल तर डोंगलवर क्षमतेचा आणि ९६ गटांच्या व्होल्टेजचा आकडा तरी वाचा. सगळे गट एकमेकांना धरून असायला हवेत. एकच गट खाली लोंबकळत असेल तर तो वॉरंटीत दाखवायचा मामला आहे, आणि तो विकणाऱ्याने दाखवावा, तुम्ही घेतल्यावर नाही.

बॉनेट उघडलंच आहे तर शीतकाच्या तिन्ही टाक्या बघा. त्यातली एक बॅटरीची. गाडी थंड असताना पातळी खुणेच्या खाली गेलेली नसावी. १२ व्होल्टची छोटी बॅटरी किती जुनी ते विचारा. ती मरायला टेकली की गाडी नाही नाही ते इशारे देऊ लागते आणि माणूस मोठ्या बॅटरीला काहीतरी झालं म्हणून घाबरतो. बदलायला दोनशे-अडीचशे डॉलर पुरतात. गाडी रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना पुढच्या चाकापाशी ‘कट्ट’ असा आवाज येतो का ऐका. ही बोल्टची जुनी खोड आहे, धोक्याची नाही, पण भाव पाडून मागायला बरी. गाडी लिफ्टवर घेता आली तर खाली बॅटरीच्या कवचाला जॅकचा किंवा कठड्याचा मार बसलाय का तेही दिसेल.

आणखी एक रिकॉल बॅटरीच्या गोंगाटात विसरला जातो. डिसेंबर २०२२मध्ये २०१७ ते २०२३च्या बोल्ट पुन्हा बोलावल्या होत्या, सीटबेल्टसाठी. अपघातात बेल्ट ताणणारं यंत्र सुटताना त्याच्या गरम वायूने खालचा गालिचा पेट घेऊ शकत होता. दुरुस्ती छोटी आणि फुकट आहे. दोन्ही गाड्यांत ती झाली का बघा.

जलद चार्जिंगचं पोर्टही तपासा, कारण ते २०२१पर्यंत जादा पैसे देऊन घ्यायचं होतं आणि मागाहून बसवणं परवडत नाही. चार्जिंगचं झाकण उघडा. गोल तोंडाखाली दोन जाड पिनांची जागा असेल तर पोर्ट आहे, नुसतं गोल तोंड असेल तर नाही. तुमच्या रोजच्या धावपळीला त्याची गरज नाही. पण असलं तरी बोल्ट साधारण ५५ किलोवॅटच्या वर घेत नाही, आणि थंडीत त्याच्याही बरीच खाली राहते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर नवऱ्याचीच गाडी काढा.

आता गॅरेजकडे. बॅटरी बदललेली गाडी घेतलीत तरी थोडी काळजी घ्यावीच, आणि ती घ्यायची आहे मुख्यतः प्लगसाठी. तुमच्या ४४ मैलांना साधं १२० व्होल्टचं सॉकेट पुरतं. १२ अँपिअरवर तासाला चारेक मैल भरतात, म्हणजे रात्रीचे अकरा तास. गाडी स्वतःहून ८ अँपिअरवर राहते, पडद्यावर १२ निवडावे लागतात. पण ती निवड करण्याआधी सॉकेट बघा. जुनं, सैल झालेलं सॉकेट इतका वेळ सलग भार घेतलं की तापतं. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर लगेच काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून नवं, दणकट सॉकेट बसवून घ्या. त्याच सर्किटवर गॅरेजमधला जास्तीचा फ्रीज असेल, आणि तो बहुतेक देशी घरांत असतो, तर तो दुसरीकडे हलवा. एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको. पुढे २४० व्होल्टचा चार्जर घ्यायचा झाला तर या गाडीला ३२ अँपिअर पुरतात, त्यासाठी ४० अँपिअरचं वेगळं सर्किट आणि शहराचं परमिट लागतं.

गॅरेजमध्ये उष्णता ओळखणारा अलार्म लावा, घरातल्या अलार्मशी जोडलेला. धुराचा नको, तो गॅरेजमध्ये उगाच ओरडत बसतो आणि मग कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं. गॅरेजमधून घरात येणारं दार आपोआप मिटतं का बघा. बूट, छत्र्या, तांदळाचं पोतं लावून ते उघडं ठेवायची सवय असेल तर ती मोडा.

सासऱ्यांना ‘काही होत नाही हो बाबा’ म्हणून गप्प करू नका. मार्च २०२२मध्ये पुण्यात भर रस्त्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ साताऱ्यात घराघरात पाहिला गेलाय. त्यांची भीती हवेतली नाही. त्यांना वॉरंटीचा कागद दाखवा, बदलल्याची तारीख दाखवा. तरी रात्री झोप लागत नाही म्हणाले, तर सहा महिने गाडी ड्राइव्हवेत उभी करा आणि संध्याकाळी, सगळे जागे असताना चार्ज करा. शनिवार-रविवारी दिवसभर लावून ठेवली की आठवड्याची कसर भरून निघते. वडीलधाऱ्यांची समजूत वादाने घालण्यापेक्षा हे सोपं आहे.

नवऱ्याची कोरोला? घ्यायला काहीच हरकत नाही, पण ती रिकॉलमधून सुटका म्हणून घेऊ नका. अमेरिकेतला सगळ्यात मोठा रिकॉल ताकाता या कंपनीच्या एअरबॅगचा, सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग), आणि त्यात पेट्रोलच्याच गाड्या खच्चून होत्या. कोरोलाचाही व्हिन त्याच पानावर टाका. तुलना करायचीच तर खर्चाची करा. तुमचे आठवड्याचे २२० मैल म्हणजे उन्हाळ्यात साधारण ५५ आणि थंडीत ७५ किलोवॅट-तास, वर दहा-पंधरा टक्के चार्जिंगमधली गळती धरा. त्याला तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. त्यात न्यू जर्सीचं इलेक्ट्रिक गाड्यांचं जादा नोंदणी शुल्क मिळवा. जुलै २०२४पासून ते वर्षाला २५० डॉलर झालं आणि २०२८पर्यंत दरवर्षी १० डॉलरने वाढतंय. इलेक्ट्रिक गाडीवरची विक्रीकराची सूटही जुलै २०२५पासून गेली, आता पूर्ण ६.६२५ टक्के लागतात. आणि डीलर अजूनही ‘४,००० डॉलर सरकारकडून परत मिळतील’ म्हणत असेल तर हसून सोडून द्या. वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीवरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५नंतर घेतलेल्या गाड्यांना नाही.

ज्यांच्या नजरेत बोल्ट नाही, दुसरीच रिकॉल झालेली गाडी आहे, त्यांनीही प्रश्न हाच विचारावा. ह्युंदाई कोना इलेक्ट्रिकच्या २०१९-२०च्या गाड्यांना एलजीच्याच सेलमुळे रिकॉल आला होता, आणि तिथेही उपाय म्हणून बॅटऱ्या बदलल्या गेल्या. बदलल्याचा कागद असेल तर ती गाडी डोळ्याखालून घालायला हरकत नाही. उलट २०१९च्या जग्वार आय-पेसला आधी सॉफ्टवेअर मिळालं, मग ऑगस्ट २०२४मध्ये ८० टक्क्यांची मर्यादा आली, आणि पुढे कंपनीने त्या गाड्या परत विकत घ्यायचं ठरवलं. अशी गाडी कोणी मातीमोल भावात देऊ केली तरी हात लावू नका. आणि बोल्टच हवी पण रिकॉलची कटकट नको, असं असेल त्यांनी २०२३चं मॉडेल शोधावं. उत्पादन एप्रिल २०२२मध्ये पुन्हा सुरू झालं ते नव्या सेलवर, त्यामुळे बॅटरीच्या रिकॉलमध्ये ते नाही. २०२२चं मॉडेल मात्र दोन्हीकडे विभागलेलं आहे, तिथे व्हिनशिवाय बोलूच नका.

तर तुम्ही सोमवारी सर्व्हिस विभागाला फोन करा, २०१९चा कागद मिळवा. बॅटरी बदललेली निघाली आणि हिशोब चौसष्ट-पासष्टच्या आसपास आला, तर तीच घ्या. १२,९०० वरून थोडं खाली येतात का बघा. टायर पुढचे झिजलेले असतील, ते या गाडीत लवकर झिजतात, तेवढं निमित्त पुरेल. कागद मिळाला नाही तर दोन्ही गाड्या सोडा. बोल्ट बाजारात भरपूर आहेत. घेतल्यावर त्याच आठवड्यात शेव्हरोलेच्या खात्यात गाडी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पत्त्यावर नोंदवा, आणि एनएचटीएसएच्या ॲपवर तिचा व्हिन टाकून ठेवा. नाहीतर पुढचं रिकॉलचं पत्र आधीच्या मालकाच्या पेटीत पडून राहील.